‘च’चा जाच : परफेक्शनिझम आणि नकारात्मक विचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समुपदेशक म्हणून काम करते. शाळेतली पालकसभा असो, कंपनीतलं सत्र असो की समोरासमोरची भेट, परफेक्शनिझमचा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वाटतं, हा त्रास फक्त मलाच आहे. म्हणून ते प्रश्न, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, उत्तरांसह इथे लिहिले आहेत.

टापटीप आवडणं, काम नीट करणं हा काय आजार आहे का?

अजिबात नाही. कपड्यांच्या घड्या नीट असाव्यात, हिशेब पैन्‌पै जुळावा असं ज्याला वाटतं तो माणूस कामाचा असतो आणि बहुतेक वेळा सुखीही असतो. घडी बिघडली तर तो ती पुन्हा घालतो आणि चहा प्यायला जातो. परफेक्शनिझममध्ये घडी बिघडली की आपणच बिघडलो असं वाटतं. चहा गार होतो, घडी पाच वेळा घातली जाते आणि तरी मनात बोचत राहतं.

दर्जा किती उंच ठेवलाय यावर हे ठरत नाही. कामासोबत आपण काय पणाला लावलंय यावर ठरतं. रोझ शाफ्रान, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न या ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये जी व्याख्या मांडली तिचा गाभा हाच आहे: स्वतःवर घातलेले कठोर निकष पुरे होतात की नाही यावरच स्वतःची किंमत ठरवणं, आणि त्याचे दुष्परिणाम डोळ्यांसमोर दिसत असूनही ते तसंच चालू ठेवणं.

मराठी माणसाला हे ओळखायला एक सोपी खूण आहे. स्वतःच्या बोलण्यातला ‘च’ ऐका. ‘काम चांगलं व्हावं’ ही इच्छा झाली. ‘काम चांगलं झालंच पाहिजे’ ही सक्ती झाली. एका अक्षराने इच्छेचा हुकूम होतो, आणि हुकूम मोडला की शिक्षा आलीच. नेहमीच, मलाच, कुणालाच, काहीच, कधीच. दिवसभरात मनातल्या मनात हा ‘च’ किती वेळा येतो ते मोजून पाहा. कॅरेन हॉर्नी या मनोविश्लेषक बाईंनी 1950 मध्ये या ‘पाहिजेच’च्या जुलमाबद्दल लिहिलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून न्यूयॉर्कमध्ये जी उपचारपद्धती उभी केली तिचा सगळा रोख याच हट्टी मागण्यांवर आहे. तीच पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ हे तिचं मराठी नाव. ठाण्यात 1990 मध्ये सुरू झालेल्या, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे ती महाराष्ट्रात बऱ्याच घरांपर्यंत पोचली. माझ्या स्वतःच्या कामाचा पायाही तोच आहे.

पण माझं काम यामुळेच चांगलं होतं. हे सोडलं तर दर्जा घसरणार नाही का?

ही भीती जवळजवळ प्रत्येकजण बोलून दाखवतो आणि ती खोटी नाही. तुमचं काम चांगलं आहे, यात शंका नाही. पण ते धास्तीमुळे चांगलं झालं की धास्ती असूनही, हे तुम्ही कधी तपासलेलंच नसतं. कारण धास्तीशिवाय काम करून पाहण्याची वेळच आलेली नाही.

हिशेब मांडा. एका ईमेलला पंधरा मिनिटं पुरतात, तिथे सव्वा तास जातो. त्या जादाच्या एका तासात ईमेल किती सुधारला? दोन शब्द बदलले, एक स्वल्पविराम काढला, मग पुन्हा घातला. तोच तास झोपेतून गेला, मुलीच्या गोष्टीतून गेला. शिवाय चुकू नये म्हणून तुम्ही काय काय टाळलंत, तेही या हिशेबात धरा: न विचारलेल्या शंका, न भरलेला बढतीचा अर्ज, ‘आधी नीट येऊ दे, मग लोकांसमोर गाईन’ म्हणून सोडून दिलेलं गाणं. माझ्या अनुभवात परफेक्शनिझमची खरी किंमत या टाळलेल्या गोष्टींत असते. त्या दिसत नाहीत, म्हणून मोजल्याही जात नाहीत.

दर्जा ठेवा. पैज तेवढी मागे घ्या.

मी तर उलट आळशी आहे. कामं महिनोन्‌महिने पडून असतात. मी कसली परफेक्शनिस्ट?

पुष्कळदा तुम्हीच. आळशी माणसाला काम पडून असल्याचा त्रास होत नाही. तुम्हाला रात्री दोनला त्या कामाची आठवण होऊन जाग येते. काम सुरू केलं की ते उत्तमच व्हायला हवं, आणि उत्तम व्हायला मोकळा दिवस, शांत घर, ताजं डोकं हवं. असा दिवस येत नाही. मग मुदत अंगावर आली की घाईघाईत उरकलं जातं आणि ‘वेळ मिळाला असता तर छान केलं असतं’ ही पळवाट शिल्लक राहते. चालढकल अशा वेळी ढालीचं काम करते. पूर्ण ताकदीने केलेलं काम नापास झालं, हे ऐकावं लागत नाही.

यावर मी सुचवते ते असं: पहिला खर्डा मुद्दाम वाईट लिहायचा. कागदावर वर लिहूनच टाकायचं, ‘वाईट खर्डा’. वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि गजर झाला की उठायचं. वाईट लिहायचंच ठरवल्यावर हात धजावतो.

नकारात्मक विचारांचे ‘साचे’ म्हणजे काय?

इथे जरा थांबून सांगते, कारण हे कळलं की पुढचं बरंच सोपं जातं.

माझी एक काकू गणेशचतुर्थीला उकडीचे एकवीस मोदक करते. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. तिच्या पाऱ्या पातळ, कळ्या एकसारख्या. बघत राहावं असं काम. एका वर्षी मोदकपात्राचं झाकण काढलं तर हळदीच्या पानावर एक मोदक उकललेला. सारण बाहेर येऊन शेजारच्या दोन मोदकांना गुळाचा तांबूस डाग लागला होता. फुटका बाजूला ठेवून नैवेद्य झाला, जेवणं झाली. मंडळींनी मागून मागून मोदक घेतले. रात्री काकू ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती आणि रडत होती.

मी जवळ गेले तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं आठवतं. “सगळ्यावर पाणी पडलं.” वीस मोदक ठीक होते, पण एक फुटला म्हणून सगळं गेलं. ‘सगळं नाहीतर काहीच नाही’ असा हा साचा. मी म्हटलं, “अगं, सगळ्यांनी किती वाखाणले.” ती म्हणाली, “तोंडावर कोण वाईट म्हणतंय?” कौतुक आलं तरी ते आत येऊ द्यायचं नाही, दारातूनच परत पाठवायचं. “वहिनींनी बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मनात हसल्याच असतील.” हे दुसऱ्याचं मन वाचणं. “पुढच्या वर्षी मी करणारच नाही, पुन्हा फुटतील.” हे भविष्य सांगणं. आणि शेवटी, “मी आहेच वेंधळी.” हा शिक्का. फुटला होता मोदक, शिक्का बसला माणसावर.

पाच वाक्यं, पाच साचे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक (1921–2021) 1960च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की रुग्णांच्या मनात आपोआप उमटणारे विचार विस्कळीत नसतात. ते ठरावीक वळणांनी जातात, आणि ती वळणं रुग्णागणिक पुन्हा पुन्हा तीच दिसतात. त्यातूनच बोधात्मक उपचारपद्धती, म्हणजे विचार तपासून ते बदलण्याची पद्धत, उभी राहिली. साचा हा शब्द मला म्हणूनच आवडतो. पीठ कुठलंही घाला, चकली त्याच नक्षीची पडते. परीक्षा असो, मोदक असो, साहेबांचा मेसेज असो, घटना बदलते, नक्षी तीच.

आपला नेहमीचा साचा कोणता हे एकदा ओळखता आलं की विचार आल्याबरोबर ‘हं, हे पुन्हा मन वाचणं चाललंय’ एवढं म्हणता येतं. तेवढ्याने विचार जात नाही. पण आपण आणि विचार यांच्यात वीतभर अंतर पडतं.

हे येतं कुठून? आईवडिलांमुळेच ना?

थोडा स्वभाव, थोडं घर, थोडी शाळा आणि बराचसा आजूबाजूचा काळ. एकाच घरातली दोन भावंडं पाहिली तरी कळतं की सगळं आईवडिलांवर ढकलता येत नाही.

कॅनडातले पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 मध्ये परफेक्शनिझमच्या तीन दिशा दाखवल्या. एक, स्वतःची स्वतःकडून अपेक्षा. दुसरी, आपली इतरांकडून अपेक्षा. तिसरी, ‘लोक माझ्याकडून परिपूर्णता मागतात, ती दिली नाही तर मला जवळ करणार नाहीत’ ही धारणा. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून जास्त कॉलेजविद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती एकत्र तपासली. तिन्ही दिशांना वाढ दिसली, सर्वांत जास्त तिसऱ्या दिशेला. ती तीन देशांची माहिती आहे, आपली नाही. पण ती तिसरी दिशा आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य प्रत्येक मराठी घराने ऐकलेलं आहे.

96 टक्के घेऊन आलेल्या मुलाला “चार कुठे गेले?” असं हसत हसत विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. मुलाला मात्र ते चारच ऐकू येतात. पुढे पेढे वाटताना शेजारच्या मुलाचे 97 कानावर पडले की मुलाने मनाशी काय गाठ मारली असेल, विचार करा: मी आवडतो, पण 97पासून पुढे.

हे कळल्यावर आईवडिलांवर राग काढून फारसं काही हाती लागत नाही. त्यांनाही कुणीतरी असंच विचारलेलं असतं.

सगळे म्हणतात, ‘पॉझिटिव्ह विचार कर.’ मला ते जमतच नाही.

जमत नाही यात तुमची चूक नाही. औषध घेताना माकड आठवायचं नाही, अशी एक गोष्ट आपल्याकडे लहानपणी सांगतात. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात तेच दाखवलं. लोकांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर विचार करायची मुभा दिली तेव्हा, आधी दाबून ठेवलेल्यांना ते अस्वल आधी न दाबलेल्यांपेक्षा जास्त वेळा आठवलं.

नकारात्मक विचारावर गोड विचार चिकटवला की असंच होतं. ‘मी कुचकामी आहे’च्या जागी आरशासमोर ‘मी सर्वोत्तम आहे’ म्हणायचं, तर मन लगेच विचारतं, कशावरून? आणि खरं सांगायचं तर सर्वोत्तम असण्याची मागणी हाच तर मूळचा त्रास आहे.

चांगला विचार शोधू नका. खरा विचार शोधा. खरा विचार बहुतेक वेळा साधा, थोडा रटाळ असतो. ‘एक मोदक फुटला. वीस खाल्ले गेले. मला वाईट वाटलं.’

विचारांची नोंद ठेवा असं सांगतात. ती नेमकी कशी ठेवायची?

एक साधी वही घ्या. मोबाईल चालेल, पण हाताने लिहिताना वेग कमी होतो आणि तो कमी होणं इथे फायद्याचं असतं. एक नमुना देते, नोकरीतल्या कुणाच्याही आयुष्यात घडेल असा.

बुधवार, संध्याकाळचे 6:40. साहेबांचा मेसेज: “उद्या सकाळी भेट.” बाकी काही नाही. पोटात गोळा, हात गार. भीती किती? शंभरात 85.

आता मनात काय आलं ते आलं तसं, न सजवता लिहायचं: ‘रिपोर्टमध्ये चूक सापडलीच. मला काहीच धड जमत नाही. आता माझ्यावर कुणीच विश्वास ठेवणार नाही.’ लिहून झालं की ‘च’खाली रेघ ओढा. चूक सापडलीच, काहीच, कुणीच. तीन वाक्यांत तीन.

मग दोन गोष्टी लिहा. याच्या बाजूने पुरावा काय? ‘रिपोर्ट घाईत पाठवला होता.’ विरुद्ध बाजूने काय? ‘या वर्षात असं तीनदा बोलावलं. एकदा नवीन काम दिलं, एकदा रजांबद्दल विचारलं, एकदा खरंच चूक होती. तेव्हा एक तक्ता दुरुस्त करून पाठवला, वीस मिनिटांत विषय संपला.’ पुरावा म्हणजे कोर्टात चालेल असा. ‘मला तसं वाटतं’ हा पुरावा धरायचा नाही.

शेवटी खरा विचार: ‘का बोलावलंय ते मला माहीत नाही. चूक असू शकते. असली तर दुरुस्त करावी लागेल आणि मला थोडं ओशाळं वाटेल.’ आता भीती किती? 50. शून्य होत नाही, व्हायचीही गरज नाही. 50 असताना जेवता येतं, झोपता येतं.

पहिले आठ-दहा दिवस हे कृत्रिम वाटेल. नोंद नीट, सुवाच्य, रोज ठेवलीच पाहिजे असा नवा ‘च’ इथे घुसू देऊ नका. आठवड्यातून तीनदा, गिचमिड अक्षरात चालेल.

कळतं, पण वळत नाही. विचार पटतो, भीती तशीच राहते. काय करू?

करून पाहा. नुसत्या वादाने मन फार काळ ऐकत नाही; त्याला पुरावा दाखवावा लागतो, आणि पुरावा कृतीतून येतो.

अल्बर्ट एलिस यांची स्वतःचीच हकीगत आहे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची प्रचंड भीती वाटायची. त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक मुलीशी एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्यांनी 130 जणी गाठल्या. तीस उठून गेल्या, शंभर जणी बोलल्या, एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आली नाही. यश म्हणाल तर शून्य. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही आणि भीती ओसरली. आज असं अनोळखी बायकांच्या बाकाशी जाऊन बसावं असं मी कुणालाही सुचवणार नाही. घ्यायचं ते एवढंच: नकार मिळूनही आपण शाबूत राहतो हे त्यांना वाचून कळलं नाही, 130 वेळा करून कळलं.

तुमचे प्रयोग घरगुती असू देत. व्हॉट्सॲपचा मेसेज पुन्हा न वाचता पाठवा. रिपोर्ट दोनदा वाचा, तिसऱ्यांदा नाही. पाहुणे यायच्या वेळी सोफ्यावर वर्तमानपत्र पसरलेलं राहू द्या. नकाशासारखी झालेली पोळी दुसऱ्याच्या ताटात वाढा, नेहमीसारखी स्वतःसाठी बाजूला ठेवू नका. मीटिंगमध्ये “हे मला माहीत नाही” म्हणा.

प्रयोगाआधी एका ओळीत लिहा की काय होईल असं वाटतं. ‘सासूबाई पोळीबद्दल बोलतील आणि दिवसभर अबोला धरतील.’ नंतर काय झालं ते लिहा. कधीकधी त्या बोलतीलही. मग अबोला किती वेळ टिकला आणि आपण तो सहन केला का, तेही लिहा. भाकीत खरं ठरलं तरी प्रयोग वाया जात नाही.

माझ्या कामात चूक झाली तर खरंच अनर्थ होतो. मी नर्स आहे.

मग तपासणी हवी, दोनदा हवी, ठरलेल्या यादीप्रमाणे हवी. औषधाचं नाव, मात्रा, रुग्णाचं नाव यात सूट नाही. पण तपासणी वेगळी आणि काळजी वेगळी. तपासणीला शेवट असतो, यादीतली शेवटची खूण झाली की ती संपते. काळजीला शेवट नसतो. ती ड्यूटी संपवून घरी येते, जेवायला बसते. शिवाय चूक म्हणजे नालायकी असं जिथे मानलं जातं तिथे चुका लपवल्या जातात, आणि दवाखान्यात लपवलेली चूक सर्वांत धोक्याची.

मुलगी एक अक्षर वाकडं आलं की पान फाडते, पुन्हा लिहिते, रडते. कसं समजावू?

हा प्रश्न मला जवळचा आहे, कारण ती मुलगी मी होते.

पाचवीत माझी इतिहासाची शंभरपानी वही होती, मधोमध पिना मारलेली, खाकी कव्हर घातलेली. शाईच्या पेनने लिहायचं. ‘शिवनेरी’ लिहिताना वेलांटी चुकली आणि मी पान फाडलं. पिनांच्या वहीचं एक पान फाडलं की पलीकडच्या अर्ध्यातलं त्याचं जोडपानही सुटतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. काही दिवसांनी मागचं कोरं पान हातात आलं. मग एक लिहिलेलं, नीट लिहिलेलं पान गळालं, पुढे फाडलेल्या पानाचं जोडीदार. दिवाळीपर्यंत वही इतकी हडकली की पिना बोटाला टोचू लागल्या. वर्गात वह्या तपासताना शिक्षकांनी ती सगळ्यांसमोर उंच धरली आणि “बाकीची पानं खाल्लीस का?” असं विचारलं. वर्ग हसला. त्या संध्याकाळी मी आणखी चार पानं फाडली.

आईने मला समजावलं नाही. तिने शेजारी बसून स्वतःच्या जमाखर्चाच्या वहीत लिहायला घेतलं. एके ठिकाणी आकडा चुकला. तिने त्यावर एक आडवी रेघ मारली, पुढे बरोबर आकडा लिहिला आणि लिहीत राहिली. मग माझ्या वहीकडे बोट करून म्हणाली, “एकच रेघ. गिरगटायचं नाही, फाडायचं नाही. चुकलेलंही दिसू दे.” त्यानंतर ती घरात ‘एका रेघेची’ पद्धत झाली. मी आजही पालकांना तेवढंच सांगते: आठवडाभर खोडरबर बाजूला, चुकीवर एक रेघ, पुढे चला. आणि तुमची चूक मुलीसमोर मोठ्याने बोला. “अरे, मीठ जास्त पडलं. लिंबू पिळते.” बस. त्यावर प्रवचन नको.

कौतुक कसं करतो याकडेही लक्ष असू द्या. 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, ‘किती हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं अवघड कोड्यांवर हरल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. हुशारीची पदवी दिली की ती राखायची धास्ती येते. “हे उदाहरण तू तीन पद्धतींनी करून पाहिलंस” असं म्हटलं तर राखायचं काही नसतं, पुन्हा करून पाहता येतं.

घरात मी नाही, माझा नवरा परफेक्शनिस्ट आहे. सगळ्यांच्या चुका काढतो.

त्याला बदलायचा विडा उचलू नका. एका वेळी एका कामाबद्दल, शांत वेळी, नेमकं बोला: “डबा मी भरते तेव्हा कसा भरायचा ते मी ठरवेन.” तुमच्या हातचं काम त्याने पुन्हा केलं तर ते त्याच्याकडेच सोपवा. टोमणा न मारता. आणि तो चिडला नाही तेव्हा ते लक्षात आल्याचं सांगा. त्याच्या मनात त्याचा स्वतःवर ओरडणारा आवाज याहून मोठा असतो, हेही खरं. पण त्यासाठी तुम्ही ओरडा खात राहावं असं मात्र नाही.

स्वतःशी मऊपणाने वागायचं म्हणजे स्वतःचे लाडच ना?

मैत्रिणीचा मोदक फुटला असता तर तुम्ही काय म्हणाला असता? तेच, त्याच आवाजात, स्वतःला म्हणायचं. याला लाड म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, अवघड चाचणीत कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःशी समजुतीने वागायला सुचवलं होतं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःला झोडपल्याने माणूस सुधारतो हा आपला समज आहे. झोडपलेला माणूस पुस्तक उघडायलाच घाबरतो.

हे आणि ओसीडी एकच का?

नाही. ओसीडीमध्ये नको असलेले विचार पुन्हा पुन्हा घुसतात आणि ती घालमेल थांबवायला हात धुणं, कुलूप तपासणं, मोजणं अशा कृती कराव्याच लागतात. परफेक्शनिझम त्यात असू शकतो, खाण्याच्या विकारांत आणि नैराश्यातही असू शकतो, पण तो स्वतः म्हणजे ते आजार नव्हेत. ‘मला जरा ओसीडी आहे’ असं सहज म्हणणं टाळावं. ज्यांना तो खरंच आहे त्यांच्यापैकी काहींचे हात धुऊन धुऊन सोलवटलेले असतात.

तज्ज्ञांकडे कधी जावं?

झोप, भूक, काम किंवा नाती दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेली असतील, रडू आवरत नसेल, किंवा घरातून निघणं, काम पाठवणं, पेपर लिहिणं अशक्य होत असेल तर जा. विचारांवर काम करायला मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक. औषधं मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर देतात. कुणाकडे जायचं हे ठरत नसेल तर कुणाकडेही सुरुवात करा, गरज पडली तर ते पुढे पाठवतील.

जगण्यात अर्थ नाही, मी नसलो तर बरं असा विचार येत असेल तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 वर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. फोन करण्याआधी काय बोलायचं ते नीट जुळवायची गरज नाही. “मला बरं वाटत नाहीये” एवढ्यावर पलीकडचा माणूस पुढे विचारतो. शेजारी कुणी असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, फोन तुम्ही लावून द्या.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं?

विचार यायचे थांबतील अशी अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. मी वेळ मोजायला सांगते. चूक झाल्यावर सावरायला पूर्वी तीन दिवस लागत, आता दुपार लागते. नोंदी आणि प्रयोग सातत्याने केले तर काही आठवड्यांत एवढा बदल दिसू लागतो. परीक्षा, लग्नघर, नवी नोकरी अशा वेळी जुना जोर परत येतो, तेव्हा वही पुन्हा उघडायची.

काकू दर वर्षी मोदक करतेच आहे. गेल्या गणपतीत दोन फुटले. ते कुणी खाल्ले असं मी नंतर विचारलं, तर तिला आठवायला वेळ लागला.